सासूबाई आणि डाव्या दाराचा रंग

नाचता येईना अंगण वाकडं, असं जग म्हणतं. आमच्या सासूबाई नाचणारीलाही दोष देत नाहीत आणि अंगणालाही देत नाहीत. त्या म्हणतात, अंगण मी सारवलं होतं, माह्यानंच वाकडं झालं असन.

केसरबाई त्यांचं नाव. चामोर्शीपासून थोडं आत गेलं की त्यांचं गाव लागतं. गावाच्या शाळेत त्या मुलांची खिचडी शिजवतात. त्याआधी लोकांच्या बांध्यांत धानाची रोवणी केली, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला, सासरे गेल्यावर दोन्ही लेकरं एकटीनं मोठी केली. इतकं सगळं निभावून नेलेल्या बाईला थोडा तरी ताठा असावा की नाही? यांना नाही. गावातली लाइट गेली तर म्हणतात, मी आत्ताच मिक्सर लावला होता. तांदळात खडे निघाले, तर ते दुकानातून आलेले नसतात, यांनी नीट निवडलेले नसतात. माझ्या लग्नात शिंप्यानं माझा कोट काखेत घट्ट शिवला, तर या हात जोडून माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "जवाईबापू, साखरपुड्याचं जेवन आमचं जड झालं असन जी." आता यावर माणसानं काय बोलावं!

मी एसटीत कंडक्टर आहे. आमच्या धंद्यात चूक आधी समोरच्याच्या पदरात टाकायची आणि मग तिकीट फाडायचं, अशी रीत. राग माझ्या नाकावरच असतो. त्यामुळे सासूबाईंचा हा स्वभाव बघून माझी चिडचिड होते. गावानं तर त्याचा खेळ करून टाकला आहे. कुणाच्या घरी दूध नासलं, कुणाची बकरी हरवली, की शेजारचे झिंगूभाऊ ओट्यावरून हाक देतात, "काऊन केसरबाई, तुह्यानंच झालं काय वो?" आणि या खरोखर विचारात पडतात.

त्यांचा मुलगा नागसेन. तो बोलायला कमी आणि कामाला वाघ. बरीच वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. सूरजागडच्या डोंगरातून लोहदगड भरून आणायचा, अंगावर लाल धूळ घेऊन घरी यायचा आणि सासूबाई म्हणायच्या, मी तुले पुढे शिकवलं असतं तं हे नसतं झालं. शेवटी त्यानं स्वतःचा छोटा ट्रक घ्यायचं ठरवलं. मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या गावांतली भाजी आणि मासळी चंद्रपूरच्या बाजारात न्यायची, येताना किराणा आणायचा. आता दुसऱ्याच्या दारात उभं राहून किल्ली मागायची नाही, एवढंच त्याला हवं होतं. रंग मात्र निळाच पाहिजे म्हणाला, आणि त्या निळ्यासाठी थांबून राहिला.

ट्रक आल्याचा फोन आला, तसे आम्ही चौघं चंद्रपूरला निघालो. नागसेन, सासूबाई, माझी बायको दीपिका आणि मी. एसटीनं जायचं आणि आपल्या ट्रकनं यायचं, असा थाट. नागसेनची बायको रिना घरी थांबली, कारण संध्याकाळी ट्रक बघायला अख्खं गाव येणार होतं आणि खीर शिजवायचं मोठं गंज तिनं सकाळीच काढलं होतं. सासूबाईंनी पांढरं लुगडं नेसलं होतं. पिशवीत मेणबत्ती, झेंडूचा हार, पंचशील ध्वजाचा एक चकचकीत कागद आणि शाळेतून मागून आणलेली रुंद चिकटपट्टी.

शोरूमच्या मागच्या अंगणात ट्रक उभा होता. खरं सांगतो, मला माझ्या पहिल्या सायकलीचा झाला नसेल इतका आनंद झाला. शोरूमवाल्यांनी नारळ, कुंकू, चाकाखाली ठेवायला लिंबू, सगळी तयारी केली होती. सासूबाईंनी ताट आणणाऱ्या पोरीच्या गालाला हात लावून सांगितलं, "आमच्यात नाई राहत वो माय हे. माहीच चूक, मी आधी सांगाले पायजे होतं." मग बॉनेटसमोर मेणबत्ती लावली, हार घातला आणि त्यांच्या मागोमाग आम्ही सगळ्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं. कोपऱ्यात उभा असलेला मॅनेजरही हात जोडून थांबला होता. टाय लावलेला, तरतरीत मुलगा होता. वाईट नव्हता.

नागसेनची एकच हौस होती. ध्वज आईच्या हातानं लागला पाहिजे, तोही डाव्या दारावर, कारण त्या बाजूला आई बसणार. सासूबाईंनी चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून ध्वज दारावर बसवला. मी मागं सरून बघितलं आणि माझी जीभ वळवळली. "आई, थोडा वाकडा झाला जी."

"माह्या नजरेनंच धोका दिला," म्हणत त्यांनी एक कोपरा धरला आणि पट्टी ओढली. पट्टीबरोबर रंगही आला. तळहाताएवढा निळा पापुद्रा पट्टीला लटकत होता आणि दारावर खाली राखाडी पत्रा दिसत होता.

सासूबाईंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्या पट्टीकडे पाहत होत्या, मग दाराकडे, मग नागसेनकडे. "बाबू," त्या म्हणाल्या, "माह्या हातानं खराब झाला रे तुहा ट्रक."

मॅनेजर धावत आला. त्यानं बघितलं, जरा चपापला आणि मग त्याच्या कानावर सासूबाईंचं ते वाक्य पुन्हा पडलं. झालं! आयतं कोलीत हातात मिळालं. आवाजात साखर घोळून म्हणाला, "असू द्या मावशी, होतं असं. आम्ही थोडा रंग मारून देतो. फक्त ताबा घेताना तुमच्याकडून झालंय, तेवढं लक्षात घ्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नव्या गाडीचा रंग चिकटपट्टीनं निघते काय हो? अन् निघते तं पावसात हा रंग टिकन कसा?"

"साहेब, मावशी स्वतःच म्हणत आहेत ना."

"हो जी," सासूबाई म्हणाल्या, "मीच म्हन्तो. जवाईबापू, भांडू नका. घेऊन टाक नागसेन. घरी सारे वाट पाहून राह्यले."

मी कपाळावर हात मारून घेतला. बसमध्ये फुकट्या प्रवासीसुद्धा इतक्या लवकर कबूल होत नाही. तोवर नागसेननं दारावरून हात फिरवला. उन्हात नीट पाहिलं की ते दार बाकी ट्रकपेक्षा किंचित गडद दिसत होतं, आणि काचेभोवतीच्या काळ्या रबरावर निळे ठिपके उडालेले होते. एकदा दिसल्यावर ते आम्हा सगळ्यांनाच दिसायला लागले. दीपिका म्हणाली, "दादा, हे दार दुसऱ्यांदा रंगवलेलं हाय." मॅनेजर म्हणाला, तो उजेडाचा फरक आहे. आणि रंग तर मावशींनीच काढला. त्याचं गाडं फिरून फिरून तिथंच येत होतं.

आता सगळं सासूबाईंच्या त्या एका वाक्यावर अडलं होतं. आपल्याकडून झालं असं मान्य करून ताबा घेतला, की पुढं काहीही निघो, बोलायला तोंड उरणार नव्हतं. ठोकलेली गाडी नवी म्हणून नागसेनच्या गळ्यात पडणार होती. मी चार शब्द आणखी सुनावणार, तेवढ्यात नागसेननं मला हातानं थांबवलं. सासूबाई शोरूमच्या पायरीवर बसल्या होत्या. तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"आई, आत्ता मेनबत्ती लावून तू काय म्हटलं?"

"पंचशील म्हटलं."

"चवथं शील काय हाय?"

"मुसावादा वेरमणी. खोटं बोलनार नाई." हे त्या झोपेतही सांगतील.

"मंग खरं सांग. तुह्या हातानं रंग निघाला, का रंगच कच्चा होता?"

"मले काय समजते बाबू रंगातलं!"

"नाई समजत ना? मंग माह्यानं झालं, हे तरी तुले कसं समजलं?"

मला वाटतं, हा प्रश्न सासूबाईंना जन्मात कुणी विचारला नव्हता. दुसऱ्यावर आळ घेणं म्हणजे खोटं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्वतःवर घेतलेला आळ त्या खोट्यात धरतच नव्हत्या. तो त्यांना चांगुलपणा वाटत होता, आणि आम्हालाही तसाच वाटत आला होता.

मॅनेजरनं घड्याळ बघितलं. सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, चिकटपट्टी घेतली आणि ट्रकच्या उजव्या बाजूला गेल्या. दारावर पट्टी दाबून बसवली. ओढली. काही निघालं नाही. पट्टी कोरी. त्या शेजारच्या पांढऱ्या ट्रककडे वळल्या.

"मावशी, ती दुसऱ्या गिऱ्हाइकाची आहे!"

"मंग तं पायलंच पायजे," सासूबाई म्हणाल्या आणि पट्टी लावली. ओढली. कोरी.

शेवटी त्या परत डाव्या दाराशी आल्या, पहिल्या जागेपासून लांब, खालच्या कोपऱ्यात. या वेळी त्यांनी जोर लावला नाही, दोन बोटांनी हलकेच सोडवली. टरकन निळा पापुद्रा आला, पहिल्यापेक्षाही मोठा. त्यांनी तिन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या. मग मॅनेजरकडे आल्या आणि हात जोडले.

"बाबू, मले माफ कर. मगाशी मी तुह्याशी खोटं बोलली. माह्या हातानं नाई झालं."

बघा! दोष नाकारतानासुद्धा बाईनं माफी मागायला जागा शोधलीच. पण आवाज असा होता की मॅनेजरची मान खाली गेली. तो आत गेला, कुणाकुणाला फोन केले, आणि बाहेर आला तेव्हा टाय सैल झाला होता. गोदामात गाडी मागं घेताना ते दार खांबाला घासलं होतं. तिथंच घाईघाईत रंगवून पुढं पाठवून दिलं होतं. आपल्याला आधी माहीत नव्हतं, असं तो म्हणाला आणि माझा त्याच्यावर विश्वास बसला. सीटची कव्हरं फुकट देतो, दार कारखान्यासारखं करून देतो, असं म्हणून बघितलं त्यानं. नागसेन म्हणाला, "नाई जी. दुसराच ट्रक द्या. निळा. थांबतो मी." कागदावर सही झाली नव्हती, म्हणून ते मान्य करावंच लागलं. मग चहा आला. सासूबाईंनी मॅनेजरला जवळ बसवून घेतलं आणि जेवलास काय, म्हणून विचारलं. या बाईपुढं माझा राग टिकत नाही तो असा.

परतीला पुन्हा एसटी. कंडक्टर माझा दोस्त निघाला. ट्रक कुठे आहे म्हणून त्यानं मूलचा स्टँड येईपर्यंत माझी टिंगल केली. खिडकीत बसलेल्या सासूबाई मात्र बाहेर बघत होत्या. मला धास्ती वाटली. गावात सगळे ट्रकची वाट बघत असणार आणि आम्ही रिकाम्या हातानं उतरणार. या आता उतरल्या उतरल्या सगळ्यांची माफी मागत सुटतील आणि दिवसभराचं मुसळ केरात जाईल, असं माझ्या मनात आलं. म्हणून काय बोलायचं ते मीच ठरवून ठेवलं होतं. चांगलं मीठमसाला लावून सांगणार होतो.

घरापुढं सतरंज्या घातल्या होत्या. रिना दारातच उभी होती. आम्हाला पायी येताना बघून सगळे उठून उभे राहिले. मी घसा साफ केला, पण झिंगूभाऊंनी मला संधीच दिली नाही. सवयीनं हाक दिली, "काऊन केसरबाई, ट्रक कुठी हाय? तुह्यानंच काई बिघडलं काय वो?"

लोक हसले. सासूबाई थांबल्या. पिशवी ओट्यावर ठेवली.

"माह्यानं काऊन बिघडन, झिंगूभाऊ?" त्या म्हणाल्या. "ट्रकचं दार ठोकलेलं होतं, वरून रंग फासला होता. मी पायलं. आम्ही नाई घेतला. दुसरा येते. बसा सारे, खीर खा."

लोक पुन्हा खाली बसले. रिनानं काही न विचारता वाट्या मांडायला घेतल्या आणि सासूबाई पदर खोचून वाढायला लागल्या. नागसेन आईकडे बघून असा हसत होता की ट्रक मिळाला असता तरी इतका हसला नसता.

मी दीपिकाला शोधायला आत गेलो. ती मोरीजवळ तोंड फिरवून उभी होती, डोळे पुसत. मी घाबरलो. म्हटलं, काय झालं?

"काई नाई," ती म्हणाली. "मी जन्मले तेव्हापासून आईच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं."

बाहेर सासूबाई झिंगूभाऊंना आग्रह करत होत्या, अजून एक वाटी घ्या म्हणून.