बहिऱ्या परीक्षकाचं मानधन

तुमचे आजोबा ठार बहिरे आहेत, आणि गेल्या महिन्यात अबू धाबीत मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेचे ते परीक्षक होते. दोन्ही वाक्यं खरी आहेत. मधला सगळा घोटाळा माझा.

तर पोरांनो, आधी पेन्शनचं समजून घ्या. आजोबा तोफखान्यात होते. तोफांनी दोन्ही कान नेले, मेडिकल बोर्डानं ऐन चाळिशीत घरी पाठवलं आणि अपंगत्वाचं पेन्शन सुरू झालं. आज आम्ही दोघं इथे अबू धाबीत समीरमामाकडे राहतो, पण घरची भाजी आजोबा स्वतःच्या पेन्शनमधून आणतात आणि मान ताठ ठेवून आणतात. ते पेन्शन टिकावं म्हणून दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासोबत मी आणखी एक दाखला भरते: 'मी कुठेही नोकरी करत नाही, कसलंही मानधन घेत नाही.' सही त्यांची, अक्षर माझं. (मी इंग्रजीची शिक्षिका. फॉर्ममधली एक रेघ रिकामी राहिलेली मला चालत नाही!) पुण्यात असताना एकदा कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याची जागा चालून आली होती. मी म्हटलं, "अहो, पेन्शन बंद होईल!" आजोबा घरीच बसले. असे ते पस्तीस वर्षं बसले आहेत.

यंदाचा दाखला पाठवून आठवडा झाला नाही तोच इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी प्रधान, त्याचा फोन आला. (आजोबांचे फोन मीच घेते.)

"काकू, दुबईहून येणारे परीक्षक कॅन्सल झाले! काकांना बसवू या ना!"

"काकांना? गाण्याला?"

"अहो, प्रत्येक मैफलीत पहिल्या रांगेत असतात! डोळे मिटून काय माना डोलावतात!"

प्रत्येक मैफलीत ते झोपलेले असतात. पण इतक्या वर्षांत त्यांना कुणी काही करायला बोलावलंच नव्हतं! माझी छाती फुगली आणि तोंडातून "हो" निघून गेलं.

समीरमामानं कपाळाला हात लावला. "आई, बाबांना ऐकू येत नाही, हे सांगितलंस?"

"त्यानं विचारलंच नाही."

"मग गाणी ऐकणार कोण?"

"मी!"

योजना साधी होती. मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसायचं. सूर लागला तर उजव्या खांद्यावर बोट, नाही लागला तर डाव्या. आजोबा खूष! ब्लेझर चढवला आणि "यल्ला, चला!" म्हणत मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरातून असे निघाले, जणू सीमेवरच चाललेत.

पहिली सहा मुलं झकास पार पडली. सातवी मुलगी गात असताना मला अशी शिंक आली की माझे दोन्ही हात त्यांच्या दोन्ही खांद्यांवर आदळले! आजोबांनी समोर बघतच, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "नक्की काय म्हणायचंय तुला?" मुलीला वाटलं, तिलाच विचारलं. बिचारी रडत स्टेजवरून उतरली.

तरीही निकाल लागला, टाळ्या झाल्या. मी सुटकेचा श्वास टाकते आहे तोच प्रधान माईकवर गरजला, "आणि आता आपल्या परीक्षकांना मानधन! पाचशे दिरहम!"

पाचशे दिरहम! म्हणजे साडेअकरा हजार रुपये! म्हणजे कमाई! समोर फेसबुकवर सगळं लाइव्ह चाललेलं, आणि आजोबा हसतमुखानं पाकिटाकडे हात नेत होते! पेन्शन कार्यालयातली माणसं फेसबुक बघत नसतील का? मी स्टेजवर धावले. (या गुडघ्यांनी! धावले!) माईक हिसकावला आणि ओरडले, "ते पैसे घेणार नाहीत! त्यांनी काही काम केलेलंच नाही! त्यांना ऐकूच येत नाही!"



मग त्या रडलेल्या मुलीची आई उभी राहिली. "एक मिनिट, काकू. मग मार्क कुणी दिले?"

"मी."

"तुम्हाला गाणं कळतं?"

"अजिबात नाही." (खोटं बोलायची सवय नाही ना!)

"आजी, दॅट्स सो नॉट फेअर!" मुलगी किंचाळली. या वेळी मात्र अगदी सुरात.

पुढची दहा मिनिटं मी सांगणार नाही. शेवटी प्रधाननं "सगळ्यांना पहिला नंबर! खलास!" असं जाहीर करून सामोसे वाटले. पाकीट परत गेलं. गाडीत आजोबा एवढंच म्हणाले, "मला वाटलं, तू माझं कौतुक करायला वर आलीस."

मी त्यांच्या ब्लेझरची कॉलर नीट केली. पण भीती काही जाईना. दुसऱ्या दिवशी मी भारतात पेन्शन कार्यालयाला फोन लावला आणि सगळा गुन्हा क्रमवार कबूल केला. पलीकडचे गृहस्थ बराच वेळ कागद चाळत होते.

"मॅडम, यांचं पेन्शन कशाला बंद होईल? यांनी खुशाल नोकरी करावी."

"पण तो दाखला?"

"तो यांना लागूच नाही. अपंगत्वाच्या पेन्शनला तो नसतोच, वरच छापलंय की! आम्हालाच दर वर्षी प्रश्न पडतो, या बाई हा का पाठवतात?"

मी फॉर्मची प्रत काढली. छापलं होतं. पहिल्याच ओळीत. सोप्या इंग्रजीत.

"काय म्हणाला?" आजोबांनी विचारलं.

"पेन्शन सुरक्षित आहे!" मी त्यांना ओठ वाचता येतील अशी समोर उभी राहून ओरडले. तेवढंच ओरडले.

तर पोरांनो, धडधाकट माणसाला पस्तीस वर्षं घरी बसवायला सरकार लागत नाही, इंग्रजी उत्तम असलेली बायको पुरते. आणि हे वाचून झालं की ताबडतोब डिलीट करा. आजोबांचे कान गेलेत, डोळे अजून ठणठणीत आहेत!