आरशातला तळवा

सत्तरच्या दशकात सेनगावजवळ साखऱ्याला माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. मांडवाबाहेर वहाणांचा ढीग पडला होता, आणि वराकडचे एक पाहुणे कॅनव्हासचे बूट घालूनच पंगतीकडे निघाले होते. मी अडवलं.

"पाहुणे, बूट काढा."

"न्हाई काढत. माझं ताट बाहेर वाढा, मला राग न्हाई."

मला मात्र आला. तरी ताट नेलं. ते बाभळीखाली पोत्यावर बसले होते. बुंदी वाढायला गेलो, तर त्यांनी हात आडवा धरला.

"साखरेची बिमारी हाय. पाय बधिर झालेत, काटा मोडला तरी समजत न्हाई. भावाचा पाय असाच कापावा लागला. आता दवाखान्यातले डाक्टर अभ्यास करून राहिले, वजन वाढू दिलं न्हाई आन् पाय रोज तपासले, तर जखमा टळतात का. त्या रोग्यांत मी हाय. एक दिवस बी चुकवत न्हाई."

जेवण झाल्यावर त्यांनी एक बूट-मोजा काढला, खिशातला दाढीचा आरसा तळव्याखाली धरला आणि निरखू लागले.

मी हसलो. "आरसा तोंड पाहायला असतो."

"तोंड दुखलं तर सांगते, बाबा. तळवा सांगत न्हाई."

तेवढ्यात नवरी पाया पडायला आली. तिनं वाकून त्यांच्या उघड्या पायाला तळव्यापाशी हात लावला. ते खाली मान घालून तसेच पाहत राहिले. आरशात तिची हळदीनं पिवळी बोटं दिसली, तेव्हा कुठं त्यांना कळलं.

"सुखी राहा, लेकी," ते म्हणाले, आणि मोजा चढवून बुटाची नाडी घट्ट आवळू लागले.