नाव धुऊन ये

रविवार, ११ फेब्रुवारी १९७३, सकाळचे सव्वासहा. भोकरच्या स्थानकात नांदेडची गाडी उभी होती. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. त्यांनी माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि म्हणाले, "नाव धुऊन ये. मंग ये." गाडी हलेपर्यंत ते थांबले नाहीत. घरी चारा संपला होता आणि जनावरे छावणीवर न्यायची होती. आईने दिलेली पितळी कळशी मांडीवर घेऊन मी बसून राहिलो.

मला लागलेले नाव होते कम्युनिस्ट. गावाच्या तोंडी कामरेट. माझे वय तेव्हा चोवीस होते आणि त्या विचाराचे एक पानही मी वाचलेले नव्हते.

गावात राहिलेल्यांपैकी ज्यांना हे आठवत नाही आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्यासाठी लिहितो. दुष्काळात गावाला एकच जिवंत विहीर उरली होती. झरा बारीक, साचेल तसे पाणी काढायचे. म्हणून प्रत्येकाने घागर रांगेत ठेवावी आणि खडी फोडायला जावे. पुढची घागर भरली, की तेथे जो हजर असेल त्याने गैरहजरांच्या घागरी पुढे सरकवाव्यात, असा रिवाज होता. माणूस कामावर असला तरी त्याची पाळी गाव राखत असे. बौद्धवस्तीच्या घागरी मात्र लिंबाखाली वेगळ्या ओळीत असत. त्यांना कोणी हात लावत नसे, म्हणून त्या सरकतही नसत. त्या सरकवण्यासाठी वस्तीतील एकाला मजुरी बुडवून दिवसभर बसावे लागे. आमची ओळ संपली, की त्यांची सुरू होई.

एके सकाळी गयाबाईने आपली घागर आमच्या रांगेत आणून ठेवली आणि ती कामावर निघून गेली. ती त्या वस्तीतली, विधवा, जिभेने तिखट. कोणीतरी तिची घागर काठीने बाजूला लोटली. मी ती उचलून जागेवर ठेवली आणि पुढची भरल्यावर सरकवली. त्या संध्याकाळपर्यंत मी कामरेट झालो होतो. गयाबाईला काय म्हटले गेले, ते लिहिण्यासारखे नाही. पुढाकार तिचा होता. मला निदान एका विचाराचे नाव मिळाले, तिला शिव्या मिळाल्या. हा फरक माझ्या ध्यानी फार उशिरा आला.

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "दादा, तुमी कामरेट व्हा न्हाईतर तहसीलदार व्हा. आज माझी घागर सरकवनार हाय का न्हाई, तेवढं सांगा."

मी सरकवली. पुढेही सरकवत राहिलो.

माझी बहीण शेवंता हिचे लग्न तेव्हा नायगावला ठरत होते. पाहुण्यांनी ओसरीवर बसून आबांना सांगितले, "पोरगी चांगली हाय. पन घरात कामरेट हाय म्हनं. उद्या वावर वाटून टाकलं तर?" वाटावे एवढे वावर आमच्याकडे नव्हते आणि हे त्यांना ठाऊक होते. भीती घालायला शब्द पुरेसा होता. आबांनी मला पंधरवड्यात लातूरचा रस्ता दाखवला. शेवंताचे लग्न झाले. मी नव्हतो.

लातूरला डाळ मिलमध्ये काम मिळाले. तेथे मला पहिला खरा कम्युनिस्ट भेटला. त्याचे नाव रामलिंगअप्पा. आपल्या मतासाठी तुरुंगात जाऊन आलेला, बोलायला मिस्कील. माझी हकीकत ऐकून तो म्हणाला, "गावानं फुकटात कम्युनिस्ट केलं तुम्हाला? आमच्यात वर्षभर अभ्यासाला बसवतात, वर वर्गणी घेतात. बापाचं वावर गावाच्या नावे कराल का?"

"नाही."

"मग आमचं नाव आम्हाला परत करा."

गंमत म्हणून बोलला, परंतु मी ते विसरलो नाही. त्याच्याकडची पुस्तके मी वाचली. काही पटले, बरेच पटले नाही. एवढे कळले, की त्या शब्दाला अर्थ होता आणि काही माणसांनी त्या अर्थाची किंमत मोजली होती. गावाने तो मला चिकटवला तेव्हा अन्याय माझ्यावर झाला, तसा रामलिंगअप्पावरही झाला. पुढे मिलमध्ये संप झाला. मी कामावर गेलो. संपकऱ्यांनी मला मालकाचा दलाल म्हटले. रामलिंगअप्पा सर्वांसमोर म्हणाला, "दलाल नाही तो. घाबरलाय. घाबरलेल्याला घाबरलेलाच म्हणा." त्याच्याइतका न्याय माझ्या बाजूच्या कोणीही मला दिलेला नाही.

काही वर्षांनी मला शहरात पाणी सोडण्याचे काम मिळाले. लांब लोखंडी चावीने रस्त्याखालची झडप फिरवायची आणि एकेका गल्लीला ठरलेल्या पाळीने पाणी द्यायचे. लातूर जिल्हा झाला, त्या वर्षी आबा डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी माझ्याकडे आले. सगळीकडे नव्या पाट्या लागत होत्या आणि पाणी जुनेच, अपुरे होते. एका पहाटे ते माझ्याबरोबर निघाले. मोमीन गल्लीची झडप उघडली, तेव्हा पलीकडचा एकजण ओरडला, "रझाकार झालास काय रे?" देवळाच्या गल्लीला पाणी सोडले, तेव्हा मी भगवा ठरलो. बौद्धनगरला सोडले, तेव्हा निळा. वकिलांच्या वसाहतीत झडप फिरवत असताना सायकलवरून जाणारा एक तरुण मला भांडवलदारांचा हस्तक म्हणून गेला. ज्याच्या नळाला पाणी नसे, तो माझा पक्ष ठरवी.

पहिल्या शब्दालाच आबांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "रझाकार म्या पाहिलेत. ज्यानं पाहिलेत, त्यो ह्यो शब्द असा फेकत न्हाई." तो शब्द मी त्यांच्या तोंडून आयुष्यात तेवढा एकदाच ऐकला. वकिलांची वसाहत मागे पडेपर्यंत ते माझ्याबरोबर चालत राहिले. मग म्हणाले, "सकाळधरनं मोजून राहिलो. चार नावं पडली तुला. कामरेट कुनीच म्हनलं न्हाई."

"त्याची आज सुट्टी आहे, आबा."

ते हसले. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिले. "धुऊन ये म्हनलं होतं तुला. तू आनखी चार चढवून बसलास. मंग तू हाय तरी कोन?"

"वकिलांची पाळी संपली. आता तेलगिरणीमागच्या वस्तीची."

त्यांनी माझ्या हातातली चावी घेतली, तिचे वजन पाहिले आणि परत दिली. "येत जा," म्हणाले.

मी जात राहिलो. परंतु पाहुणा म्हणून. पाहुण्याची घागर रांगेत नसते. आबा गेले, आई गेली, गयाबाईही गेली. आता गावात नळ आहेत आणि आमच्या लातूरच्या वसाहतीत टँकरपुढे प्लास्टिकचे पिंप लागतात. गावाच्या मोबाइलवरच्या गटात लोक सकाळपासून एकमेकांना देशद्रोही, अंधभक्त, जातीयवादी म्हणत असतात. मला झोप लागत नाही, म्हणून मी ते सगळे वाचतो. तेथे एकाही शब्दामागे एखादे कृत्य लिहिलेले मला आढळले नाही.

गेल्या आठवड्यात पुतण्या गजानन याचा फोन आला. "काका, गावात तुमचा सत्कार ठेवलाय. बॅनरवर 'गावचे पहिले पुरोगामी' असं टाकून राहिलो."

"गयाबाईचे नाव कोठे आहे?"

"कोन गयाबाई?"

मी फोन ठेवला. त्याच दिवशी त्याच गटात दुसऱ्या एका मुलाने मला शहरी नक्षल ठरवले. तो मला कधी भेटलेलाही नाही.

तेव्हा गावकऱ्यांना माझे उत्तर असे. पुरोगामी हा चांगला शब्द आहे. तो ज्यांनी कमावला त्यांच्यासाठी राहू द्या. मी एक घागर सरकवली आणि घराला बोलणे सोसवेना तेव्हा गाव सोडले. फलकावर लिहायचेच असेल, तर लिहा, की या विहिरीवर गयाबाईने आपली घागर रांगेत ठेवली. तेवढे लिहा. मी पहिल्या गाडीने येईन आणि मागे बसेन. ते जमत नसेल, तर मला बोलावू नका.

घर म्हणजे काय, हे मला कोणी विचारले, तर मी त्या पहिल्याच दिवसाचे सांगतो. दिवस मावळताना मी लातूरला उतरलो. कोणाची ओळख नव्हती. गंजगोलाईजवळच्या एका सार्वजनिक नळावर रांग होती. मी कळशी शेवटच्या घागरीमागे ठेवली आणि खोली शोधायला गेलो. खोली मिळाली, परत यायला उशीर झाला. कळशी जागेवर नव्हती. चोरीला गेली असे वाटले. नीट पाहिले, तेव्हा ती रांगेत तिसरी उभी होती. कोणी सरकवली, ते कळले नाही. मी कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, कोणत्या रंगाचा, हे त्या माणसाने कळशीला विचारले नव्हते.

पाळी आली. कळशी भरली, खोलीवर नेली आणि तिच्यावर ताटली झाकली.