पूल झालेलं बेट

डेन्मार्कला शिकणाऱ्या लेकीचा फोन आला तेव्हा मी भीमेपलीकडच्या वस्तीवर आईपाशी बसलो होतो. पुलानं जमिनीला जोडलेल्या बेटाला तिकडं ‘ब्रोफास्ट’ म्हणतात, असं ती आजीला कौतुकानं सांगत होती.

आमच्या वस्तीलाही पूल अलीकडचाच. पूर्वी गूळ करायच्या काहिलीत बसून नदी ओलांडायची. दिवस मावळला की काहील बंद, त्यामुळं आलेला पाहुणा मुक्कामीच राहायचा. आता मीसुद्धा चहा पिऊन तासाभरात सोलापूरला परततो.

आईनं विचारलं, “मग तितं आता कुनी मुक्कामाला ऱ्हातं का गं?”

मी हातातली गाडीची किल्ली खुंटीला अडकवली आणि आईला म्हटलं, “दोन भाकरी जास्त टाक.”