पुसलेले वण

पेडणेकरकाका माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं : "जा, घरी जाऊन कपडे बदलून ये."

मी तेवीस वर्षांची, नोकरीचा पहिला दिवस, अंगात नवाकोरा पिवळाधमक ड्रेस. घाटकोपर पूर्वेला आमचा स्टुडिओ होता. पुढे पासपोर्ट फोटो आणि फ्रेमा, मागे जाड पडदा लावून केलेली काळोखी खोली, तिथे दोन कॉम्प्युटर. एकावर काका, दुसऱ्यावर मी. लग्नाचे फोटो यायचे, त्यांचे रंग आणि उजेड सॉफ्टवेअरमध्ये नीट करून अल्बमला पाठवायचे, हे आमचं काम. "अगो, तुझ्या ड्रेसचा उजेड स्क्रीनवर पडतो," काका म्हणाले. "तू अशी झेंडू होऊन बसलीस तर अख्ख्या वऱ्हाडाला कावीळ होईल." मला भयंकर राग आला. पण घर जवळ होतं, पंतनगरात. गेले आणि बदलून आले. काकांकडे सहा शर्ट होते आणि सहाही राखाडी. नाक्यावरच्या चहावाल्याला कित्येक वर्षं वाटायचं की ह्या माणसाकडे एकच शर्ट आहे.

बारीक अंगाचे, कानावर केस, मूळचे मालवणकडचे, राहायला विक्रोळीला. घरात ते आणि बायको. तरुणपणी अंधाऱ्या खोलीत हातानं फोटो धुवायचे. ते दिवस संपल्यावर पंचेचाळिसाव्या वर्षी माउस धरायला शिकले. त्यामुळे शिकवण्याचा त्यांना कंटाळा नव्हता. "आधी पांढरं शोध," हे त्यांचं पालुपद. "कॉलर असेल, दात असतील, भटजीचं उपरणं असेल. एक खरं पांढरं सापडलं ना, की बाकीचे रंग आपापल्या पाटावर जाऊन बसतात. तुला हात धरून बसवायला लागत नाहीत." मी घाईघाईत अख्खा फोटो लालसर करून टाकला की ते खुर्ची सरकवून यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "काय गो, नवरदेवाला ताप आलाय?"

कीबोर्डवर एफ-सहा नावाचं एक बटण होतं. काकांनी त्यावर एक तयार कृती बसवली होती, तिचं नाव 'नवरी'. बटण दाबलं की त्वचा दोन पॉइंट उजळ व्हायची, डाग, वण, पुरळ, सगळं साफ. हजार फोटोंच्या लग्नात हे हातानं करत बसलं तर जन्म जाईल, म्हणून ही सोय. मी काळी आहे. सावळी बिवळी नाही, काळी. त्यामुळे हे बटण मला पहिल्या दिवसापासून खुपायचं. मी भांडायचे. "काका, ती मुलगी अशी नाहीये हो." ते म्हणायचे, "लग्नात माणूस दोन पॉइंट उजळच असतो, वर्षा. तुझं होईल तेव्हा बघ." मी म्हणायचे, माझ्या फोटोला हात लावलात तर याद राखा. ते हसायचे. आणि वर्षभरात माझं बोट न बघता एफ-सहावर जायला लागलं. भांडण तोंडात राहिलं, बोट कामाला लागलं.

महिन्यातून एकदोनदा एक हवालदार यायचा. त्याच्या हद्दीत कोणी बेवारस मेलेलं सापडलं की शवागारात मोबाइलवर काढलेला चेहऱ्याचा फोटो तो घेऊन यायचा. ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेले ते फोटो हिरवट, काळपट असायचे. पोलीस ठाण्याच्या बोर्डावर लावले तर सख्ख्या भावालाही ओळखू येणार नाहीत. काका ते नीट करून द्यायचे. अशी फाइल आली की ते मला म्हणायचे, "तू जरा चहा पिऊन ये." मी एकदा पडद्याआडून बघितलं. काकांनी चपला काढल्या, उभे राहिले, फाइल उघडली आणि स्क्रीनवरच्या चेहऱ्याला म्हणाले, "ये रे बाबा, बस." मग अर्धा तास शांतपणे काम. मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "त्याला तिथे सगळे 'बॉडी' म्हणतात. कोणीतरी 'ये' म्हणायला नको?" एवढंच सांगितलं. त्या फोटोंवर नक्की काय करतात, काय करत नाहीत, हे मला कधी दाखवलं नाही. पोरीच्या डोळ्यांसमोर नको, एवढाच त्यांचा हेतू.

चतुर्थीला काका गावी गेले होते तेव्हा हवालदार आला. त्याला घाई होती. मी म्हटलं, द्या, मी करते.

विशीतला मुलगा. रुळांच्या कडेला सापडलेला. एक डोळा अर्धवट उघडा, कपाळावर खरचटलेलं, चेहरा सुजलेला. मला बघवत नव्हतं. तरी शिकवल्याप्रमाणे आधी पांढरं शोधलं; अंगावरची चादर पांढरी होती. ती धरून रंग जागेवर आणले, हिरवट झाक गेली. तिथे थांबायला हवं होतं. मी एफ-सहा दाबलं. दया आली म्हणून दाबलं, किळस आली म्हणून दाबलं, की नुसतं बोट गेलं, हे मी स्वतःला शंभर वेळा विचारलंय. काळा मुलगा उजळला, गाल गुळगुळीत झाले, झोपल्यासारखा दिसायला लागला. हवालदार म्हणाला, "झकास झालंय मॅडम." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काका परत आल्यावर मी सांगितलं की एक फाइल आली होती, करून दिली. ते "बरं" म्हणाले आणि गावच्या जत्रेतलं गोड खाजं काढून माझ्या हातावर ठेवलं.

दोन महिन्यांनी भरदुपारी तोच हवालदार एका बाईला घेऊन आला. पन्नाशीची, काळीसावळी, हाताला पीठ लागलेलं. सुमनबाई. आमच्याच रस्त्याच्या टोकाला पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची. तिचा मुलगा संतोष घरातून गेला तो आला नव्हता. तक्रार द्यायला गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला तो फोटो दाखवला होता. एकदा नाही, तीनदा. ती म्हणाली होती, हा माझा नाही. माझ्या पोराच्या गालावर कांजिण्यांचे वण आहेत, ह्याचा गाल बघा. माझा काळा आहे, हा कोणाचा तरी गोरा मुलगा आहे. आणि ती त्या आईसाठी हळहळून घरी गेली होती. कोणी आलं नाही म्हणून पोलिसांनी मुदत संपल्यावर त्याला अग्नी दिला. त्या दिवशी सकाळी कोणीतरी तिच्यासमोर जपून ठेवलेल्या कपड्यांचं गाठोडं सोडलं. पँटची कंबर लाल दोऱ्यानं आत घेतलेली होती. घरात दुसरा दोरा नव्हता म्हणून तिनंच घेतली होती.

"मूळ फोटोची प्रिंट द्या बाईंना," हवालदार काकांना म्हणाला. काकांनी दोन्ही फाइली उघडल्या, आधीची आणि नंतरची. दोन्हींकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

सुमनबाई रडत नव्हती. ती स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होती, हळूहळू, एका लयीत. "मी आई ना? तीनदा बघितला. तीनदा म्हटलं माझा नाही. फुटले का नाहीत माझे डोळे? कुत्रीसुद्धा आपलं पिल्लू ओळखते."

काका उठले. त्यांनी तिचा हात धरून थांबवला. "ताई, तुमचे डोळे बरोबर होते. फोटो चुकीचा होता. मी त्याला गोरा केला. वण मी पुसले. तुम्ही नाही म्हणालात ते खरंच होतं."

हवालदार म्हणाला, "अहो पेडणेकर, कशाला उगाच..." पण ती काकांकडे बघत होती. "का?" तिनं विचारलं.

"सवय," काका म्हणाले. "बसा. आहे तसा देतो तुम्हाला."

पण आहे तसा कसा देणार? मूळ फोटोत तो हिरवा आणि सुजलेला होता, मरणाच्या रंगाचा. जिवंतपणी कसा होता ते स्क्रीनवर कुठेच नव्हतं. सुमनबाईकडे त्याचा शाळेतला एक फिकट फोटो, बाकी काही नाही. मोबाइल त्याच्याबरोबरच गेला. काका तिला विचारत राहिले, एवढा? अजून काळा? मग तिनं पदरानं पीठ पुसलं, कोपरापासून हात पुढे केला आणि स्क्रीनला लावला. "माझ्यावर गेला होता," ती म्हणाली. काकांनी त्या हाताशी रंग जुळवला. दोन तास लागले. एकेक वण मूळ फोटोत शोधून त्याच्या जागी आणला. मधे तिचा हात अवघडला तर काकांनी त्याखाली अल्बमचे दोन खोके ठेवले. मी शेजारच्या खुर्चीत नुसती बसून होते.

प्रिंट पदराखाली घेऊन ती दारापर्यंत गेली, वळली आणि काकांना म्हणाली, "माझा तळतळाट लागेल तुम्हाला."

ती गेल्यावर मी रडले. म्हटलं, काका, मी जाते, सांगते, मी केलं म्हणून. ते कॉम्प्युटरकडे तोंड करूनच बोलले. "ते बटण कोणी बनवलं? तुला शिकवलं कोणी? तुला ह्या फाइलींपासून लांब कोणी ठेवलं? मग हात कोणाचा झाला?" मी हट्टाला पेटले. तेव्हा ते वळले. "हे बघ, ती स्वतःच्या थोबाडीत मारत होती. आता मला शिव्या घालतेय. तेवढं तरी होऊ दे. त्यात तू मधे येऊ नको." त्याच दुपारी त्यांनी 'नवरी' कायमची पुसून टाकली. एफ-सहा दाबलं तरी काही होत नव्हतं. पुढे प्रत्येक चेहरा ते हातानं करायचे. अल्बम रखडायचे, नवरीकडचे तक्रार करायचे की मुलगी काळी दिसते, स्टुडिओचे मालक वैतागायचे. काका म्हणायचे, "आहे तशी दिसते."

सुमनबाई दर अमावस्येला यायची. स्टुडिओच्या समोर, फुटपाथवर उभी राहायची आणि बोलायची. "माझ्या हातचं पाणी नाही मिळालं त्याला. तुमच्यामुळे. तुमच्या तोंडात पाणी घालायला कोणी राहणार नाही." काका काम सोडून पुढे जायचे आणि काचेच्या दाराशी उभे राहायचे, हात जोडून, ती थकेपर्यंत. मालकांनी एकदा तिला हाकलायला वॉचमन पाठवला. काका मालकांना म्हणाले, "तिला हात लावलात तर मी उद्यापासून येणार नाही." गांडूळही माझ्यापेक्षा ताठ असेल, मी पडद्यामागे बसून ते ऐकायचे. दरवेळी वाटायचं, उठावं. दरवेळी काकांचं वाक्य पुढे करायचे, मधे येऊ नको. खरं सांगायचं तर ते वाक्य मला सोयीचं होतं.

असं चार वर्षं चाललं. मग काकांच्या घशाला गाठ आली. रिपोर्ट घेऊन आले आणि मला म्हणाले, "बघ, लागला तळतळाट." मी चिडले. म्हटलं, असलं काही बोलाल तर बघा. ते हसले, त्या हसण्याला आवाज राहिला नव्हता. शेवटच्या महिन्यात त्यांना पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. मी रुग्णालयात जायचे, ते पाटीवर लिहून विचारायचे, आली होती का ती? मी नाही म्हणायचे. खरं तर आली होती. दाराशी कोणी दिसलं नाही म्हणून बराच वेळ उभी राहून गेली.

काका गेले. काकींनी शेवटचं पाणी नळीनं घातलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोळीभाजी केंद्रात गेले. दुपारची गर्दी सरली होती, सुमनबाई एकटीच ओट्याशी होती. काका गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. ती म्हणाली, "गेला? बरं." मग मी बाकीचं सांगितलं. ते गावी होते, मी केलं, बटण मी दाबलं. एका दमात सगळं. चार वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा उतरावा तसं मला वाटलं. आता ती लाटणं फेकून मारील, मारू दे.

तिनं मारलं नाही. ती ओट्याला टेकून खाली बसली. "ते पाणी घालायचं मी बोलले होते त्यांना," ती म्हणाली. "घशाचंच झालं का?"

मी हो म्हटलं.

"एका शब्दानं बोलले नाहीत कधी. हात जोडून उभे राहायचे. आणि मी कोणाला काय बोलत होते गं, चार वर्षं?" तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला शिव्या घालाव्यात असं तिच्या मनातच आलं नाही. तिचा हात वर गेला आणि ती स्वतःच्या थोबाडीत मारायला लागली, हळूहळू, पहिल्यासारखंच. मी तो धरायला गेले तर मला धरता येईना. पेडणेकरकाकांनी जे तिच्या डोक्यावरून उतरवून स्वतः वाहिलं होतं, ते मी माझं मन हलकं करायला परत तिच्याच डोक्यावर नेऊन ठेवलं होतं.