समासातली होडी

वैशाली नगरातले ते फ्रेमवाले कशालाच नाही म्हणत नाहीत. गिऱ्हाईक काहीही सांगो, आधी वितीने माप घेतात, मग टेपने, आणि म्हणतात, "हो जाएगा जी." मला हा माणूस जरा बुळाच वाटायचा.

सहा वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे वडिलांनी जपलेलं एक चित्र नेलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं जुनं तळं, मागे डोंगर. खालच्या कोऱ्या समासात माझ्या चार वर्षांच्या लेकीने पेन्सिलीने होडी काढून ठेवली होती. माझा पारा चढलेला. "नीचे की पट्टी काट दीजिए," मी म्हणालो.

"हो जाएगा जी."

फ्रेम होऊन आली तेव्हा होडी नव्हती. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

परवा घर बदलताना काच तडकली, म्हणून लेकीलाच बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी फ्रेम उघडून चित्राभोवतीचा पुठ्ठा उचलला. खाली अख्खा समास होता, होडीसकट.

"बाबा, मतलब ही कापलीच नव्हती?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते टेपशी चाळा करत म्हणाले, "कटा कागज जुड़ता नहीं, साहब. ढक दिया था."

"अब इसे दिखना चाहिए," मी कसंबसं म्हणालो. "पुठ्ठ्याची खिडकी मोठी होईल का," हे हिंदीत सांगायला शब्द जुळवत होतो, तोवर त्यांनी पुठ्ठा उलटा केला. मागे पेन्सिलीने मोठी चौकट सहा वर्षांपूर्वीच आखून ठेवलेली होती, बरोबर होडीच्या खालपर्यंत.