पोपटांचा रुमाल

गल्लीत तिला गाठोडेबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. घरात एक वस्तू उघडी दिसेल तर शपथ. चौकोनी कापडावर फुलं-पाखरं भरायची आणि इस्त्री, डबे, नवऱ्याचे मोजे, जे हाती लागेल ते त्यात बांधून ठेवायची. नवरा म्हणायचा, "जरा वेळ गप्प बसलो की धास्ती वाटते. ही मलाही गुंडाळेल."

कुणाला खाऊ द्यायचा तर रुमालात बांधून, आणि रुमाल परत यायलाच हवा. तोही रिकामा नाही, आत दोन लिंबं का होईनात. हा तिचा कायदा.

थोरल्या जावेनं तो मोडला. जन्मात सगळ्यांत देखणा साधलेला पोपटांचा रुमाल तिच्याकडे गेला, तो गेलाच. मध्यंतरी थोरले दीर वारले. तेव्हा सांत्वनाला गेलेली गाठोडेबाई डोळे पुसता पुसता कपाटावरही नजर फिरवून आली.

आता लेक शनिवारी दूर गावी संसार मांडायला निघाली होती. तिला द्यायचा तर तोच रुमाल. डोळे अधू झाल्यापासून तसा टाका पडतच नव्हता. आईचा हात कसा होता, हे पोरीला दुसऱ्या कशावरून कळणार? शेवटी कंबर कसून ती जावेच्या दारात उभी राहिली.

"ताई, माझा रुमाल."

जाऊ आत गेली आणि उशाखालून एक लहानसं गाठोडं घेऊन आली. गाठ सोडली तर आत दिरांची कवळी.

"आधी रिकामा कसा पाठवू म्हणून राहिला," जाऊ म्हणाली. "मग हे गेले. ही टाकवेना आणि नुसती बघवेना. म्हटलं, निदान चांगल्या कापडात असू दे. थांब, वाटीत काढते."

कवळी स्टीलच्या वाटीत पडली. भाऊजी जेवायला बसल्यासारखे हसत होते. गाठोडेबाईला आधी हसू फुटलं, मग हुंदका. तिनं कवळी उचलली, रुमालात ठेवली आणि स्वतःच्या हातानं घट्ट गाठ मारली.

घरी नवऱ्यानं विचारलं, "मिळाला का?"

"तुमच्या दादांनी ठेवून घेतला."

पेटीतून तिनं कोरं कापड काढलं आणि सुई-दोरा त्याच्यापुढे धरला.

"ओवा. पोपट वाकडे आले तर येऊ देत. मला आज काहीच दिसत नाहीये."